दुसऱ्या शीलापासून

खडकी, पुणे
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय दीपमाला,

सकाळी गॅलरीत शेंगा सोलत बसले होते आणि दारूगोळ्याच्या कारखान्याचं फाटक डोळ्यांपुढे आलं. दिवसपाळी सुटल्याचा भोंगा, सायकलींची लांबलचक रांग आणि समोरच्या कट्ट्यावर दप्तरं मांडीवर घेऊन बसलेल्या आपण दोघी. शाळेतून बाहेर पडल्या पडल्या वेण्यांच्या रिबिनी सोडायच्या, सिस्टर रोझालिया रस्त्यात दिसली की पुन्हा बांधायच्या. मग तुझे बाबा यायचे. दारू भरायच्या खात्यात काडेपेटी, नाणं, किल्ली काहीही न्यायला बंदी, म्हणून त्यांच्या सदऱ्याला खिसाच नसायचा. बाहेर आले की ते हातगाडीवरून खारे शेंगदाणे घ्यायचे आणि ठेवायला जागा नाही म्हणून मुठीत धरून आणायचे. एक मूठ तुझी, एक माझी. त्यांचे तळहात भरायच्या दारूने हळद लागल्यासारखे पिवळे. कितीही धुतले तरी तसेच. आमच्या आप्पांचे हात कचेरीतल्या शाईने निळे व्हायचे, आणि मला ते पिवळ्यापेक्षा जरा कमी कामाचे वाटायचे.

आठवतं, सिस्टरने शिवणाच्या परीक्षेला पुरुषाचा सदरा शिवायला सांगितला होता? मी बाबांच्या मापाचा शिवला, बिनखिशाचा. खिसा विसरले म्हणून सिस्टरने मार्क कापले. बाबांनी तो सदरा विरेपर्यंत घातला. ते गेल्यावर तुझ्या आईने धुऊन, घडी करून तो मला दिला. अजून माझ्या कपाटात आहे.

आता तू म्हणशील, शर्मिला, मुद्द्यावर ये. येते. फोन केला असता, पण फोनवर आपण एकमेकींचं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. गंभीर गोष्ट कागदावर लिहायची, हा आपला जुना करार आहे.

मुद्दा तुझ्या मुलाचा आहे, इतकी वर्षं माझ्या घरी राहणाऱ्या. अभिनवला कंपनीने बढती देऊ केली आहे. तो जे बनवतो ते तुला माहीत आहे: तोफगोळ्याच्या टोकावरचा तो भाग, जो गोळा कधी फुटायचा ते ठरवतो. आजवर ते आपल्या सैन्यासाठी होतं. मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा हा पोरगा कंपनीतच मुक्कामाला होता, घरी यायचा तो डबा न्यायला, आणि तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं असं तेज होतं. आता कंपनीला परदेशची मोठी मागणी आली आहे. त्या कामाचा प्रमुख अभिनव. दसऱ्याच्या आत हो किंवा नाही सांगायचं आहे.

आणि तो जेवत नाही, दीपू. त्या दूरच्या देशातल्या कुठल्याशा बाजाराचा फोटो त्याने पाहिला. ढिगाऱ्यातून उचललेला एक धातूचा तुकडा एका बाईने तळहातावर धरला होता. त्यावरच्या खाचा आपल्या ओळखीच्या वाटल्या, असं म्हणतो. वाटल्या. अशा खाचा दहा कंपन्या पाडतात, हेही तोच म्हणतो. परवा वरणभात चिवडत, भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे बघत मला विचारलं, "मावशी, विक्रमकाका असते तर काय म्हणाले असते?"

मी म्हटलं, "काम चोख कर म्हणाले असते. आणि भात खा म्हणाले असते."

हसला नाही. तू त्याची आई आहेस. त्याला हो म्हणायला सांग. इथे राहून, माझ्या डोळ्यांपुढे, आयुष्यात पुढे जाऊ दे त्याला.

चौकात मोठा फ्लेक्स लागलाय. 'पुण्याचा गोळा, जगात बोलबाला.' नगरसेवक होऊ पाहणारे एक गृहस्थ डोक्यावर हेल्मेट घालून गोळ्याशेजारी उभे आहेत. त्यांचा फोटो गोळ्यापेक्षा मोठा आहे. निवडणुका जवळ आल्या वाटतं.

तुझी,
शर्मी

◆

नागपूर
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय शर्मिला,

सप्रेम जयभीम.

शेंगदाण्यांपासून सुरुवात केलीस तेव्हाच कळलं, काहीतरी मागायचं आहे. शाळेत गृहपाठ उतरवायला हवा असला की आधी माझ्या वेणीचं कौतुक करायचीस.

मी त्याला हो म्हणायला सांगणार नाही.

कारण लिहिते, म्हणजे तू मला भाबडी समजणार नाहीस. मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झाले. जमावावर लाठी चालवायच्या कागदावर सही करावी लागते तेव्हा टेबलाच्या अलीकडे बसून कसं वाटतं ते मला माहीत आहे. बळ वापरूच नये असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मे महिन्यात माझा मुलगा कंपनीत झोपत होता तेव्हा मी त्याला एका शब्दाने अडवलं नाही. घरावर कुणी चालून आलं तर दार लावावं लागतं, आणि दार लावताना कुणाचा हात चेमटला तर त्याची हळहळ नंतर.

पण हा गोळा ज्या देशात चालला आहे तिथे आपल्या दारावर कोण आलं आहे? त्या भांडणात बरोबर कोण, चूक कोण, हे अभिनवला माहीत आहे? कंपनीला माहीत आहे? तुझ्या हेल्मेटवाल्या गृहस्थांना तो देश नकाशावर दाखवायला सांग. आपल्या रक्षणासाठी केलेलं काम एक, आणि दुसऱ्याच्या मारामारीत दोन्ही बाजूंना दुकान उघडून बसणं वेगळं. उपासकाने कोणते धंदे करू नयेत हे आमच्या धम्मात स्पष्ट सांगितलं आहे, आणि त्यात शस्त्रांचा व्यापार पहिला येतो.

आता तू विचारशील, मग तुझे बाबा काय करत होते. विचारू नकोस. तो विषय मला कागदावर नको आहे.

यांची तब्येत बरी आहे. रामदास म्हणतात, शर्मिलाताईंना सांग, चिवडा संपला.

दीपमाला

◆

खडकी, पुणे
४ सप्टेंबर २०२५

प्रिय दीपमाला,

नको म्हणालीस, म्हणून विचारतेच. मग बाबा काय करत होते?

रागावून लिहीत नाही. म्हणजे, जरा रागावूनच लिहिते आहे. भाऊजींना सांग, चिवडा पाठवते, पण त्यांच्या बायकोने माझी झोप घालवली आहे.

तू 'दार लावणं' म्हणालीस. माझा विक्रम त्या दारातच गेला. कारगिलच्या त्या डोंगरावर त्याची तोफ होती आणि वर चढणारी आपली पोरं होती. तोफ बोलली नसती तर ती पोरं वर पोचलीच नसती. वर्तमानपत्रात नंतर मोठमोठे लेख आले, युद्ध टाळता आलं असतं का, चर्चेला किती वाव होता. मी ते सगळे वाचले. कात्रणं ठेवली नाहीत. ज्याने लेख लिहिला तो संध्याकाळी घरी जेवायला गेला असणार, एवढंच मनात यायचं.

बाबा तेव्हा मला भेटायला आले होते, तुला माहीत आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बैठकीच्या खोलीत घरचे, पलटणीतले, शेजारचे, सगळे काही ना काही बोलत होते. बाबा भिंतीशी सतरंजीवर बसून राहिले. माणसं पांगल्यावर मी त्यांना एक वेड्यासारखं विचारलं. म्हटलं, बाबा, त्याच्या तोफेतले गोळे तुमच्या कारखान्यातले असतील का हो? मला ते हवं होतं, दीपू. शेवटच्या दिवशी त्याच्याजवळ आपल्या घरच्या कुणाचा तरी हात होता, असं मला हवं होतं.

ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "नाही पोरी. ते आमच्याकडं बनत नव्हते." मग पेल्यातलं पाणी बघत म्हणाले, "बनले असते, तर मी चांगलेच बनवले असते."

त्या एका वाक्यावर मी पुढचं वर्ष काढलं. ते वाक्य चूक होतं असं तू मला आता सांगणार आहेस का?

आणि धम्माचं म्हणशील, तर लग्न होईपर्यंत दर दसऱ्याला मी तुमच्याबरोबर खडकीच्या विहारात उभी राहिलेली आहे. तुमचा तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, आणि कारखान्यात आदल्याच दिवशी खंडेनवमीची यंत्रपूजा, झेंडूच्या माळा. बाबा यंत्र घासूनपुसून लख्ख करायचे, पण हळदकुंकवाला पुढे व्हायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून विहारात. मला सगळ्यांबरोबर पंचशील म्हणता यायचं, पाली शब्दांचा अर्थ तूच सांगितला होतास. बाबांची सुरुवात मात्र नेहमी चुकायची. भंतेंच्या मागून सगळे पहिलं शील म्हणायचे, तोवर हे घसा खाकरत असायचे, आणि दुसऱ्यापासून गाडी सुरळीत. मी त्यांना चिडवायची, "बाबा, तुमची गाडी नेहमी एक स्टेशन उशिरा." ते हसायचे.

तर हा माणूस आज विहारात हात जोडून शील घ्यायचा आणि उद्या खात्यावर जाऊन दारू भरायचा. त्याला कधी अडलं नाही. आणि त्याच्याइतका चांगला माणूस मी पाहिला नाही. मग त्याच्या नातवालाच का अडावं?

अभिनव आजकाल संध्याकाळी माझ्याबरोबर भाजी आणायला येतो. पिशवी धरतो. परवा भाजीवाली म्हणाली, "मुलगा का?" मी म्हटलं, "हो." त्यानेही मान डोलावली. एवढंच.

तुझी,
शर्मी

◆

नागपूर
१० सप्टेंबर २०२५

प्रिय शर्मी,

जयभीम.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं नाही. तीनदा स्वतः वाचलं.

बाबांचा घसा कधीच खराब नव्हता.

ते पहिलं शील म्हणत नसत. प्राण्याची हत्या करण्यापासून मी दूर राहीन, हे ते. मी दहा-बारा वर्षांची असताना माझ्या लक्षात आलं, कारण मी त्यांच्याजवळ उभी असायची आणि तू आईच्या पलीकडे. एकदा घरी आल्यावर विचारलं, तुम्ही पहिलं का म्हणत नाही. ते जोडे काढत होते. म्हणाले, "जे पाळत नाही ते घ्यायचं कसं? उरलेली चार पाळतो. ती म्हणतो."

मी म्हटलं, मग नोकरी सोडा.

"सोडली तर दुसरा भरेल. अन् नीट नाही भरलं तर ते आपल्याच पोराच्या हातात फुटेल."

मग म्हणायला काय हरकत आहे, मी म्हटलं. देशासाठीच करता ना.

त्यावर ते जे बोलले ते मी पुढे सगळ्या नोकरीत जवळ ठेवलं. म्हणाले, "काम गरजेचं आहे म्हणून त्याचं शील होत नाही, दीपा. गरजेचं आहे, तर करायचं. अन् शील मोडलं, तर मोडलं म्हणायचं."

निवृत्त झाले त्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी पहिल्यांदा पहिलं शील म्हटलं. मोठ्याने म्हटलं, भंतेंनी डोळे उघडून पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला. तू तेव्हा विक्रमबरोबर पठाणकोटला होतीस. त्यानंतर नऊ वर्षं ते पाचही शीलं म्हणत होते.

आता जे लिहिते ते मी तुझ्यापासून इतकी वर्षं मुद्दाम ठेवलं. तुला लागलं असतं म्हणून. आज तूच ते वाक्य पत्रात लिहिलंस, म्हणून लिहावं लागतं आहे.

विक्रम गेला त्या वर्षीच्या दसऱ्याला बाबा पुन्हा गप्प राहिले. मला वाटलं, दुःखाने विसरले. परतताना विचारलं. म्हणाले, "शर्मीच्या घरी बसून मनात गोळा भरला मी. चांगला भरला. आता कुठल्या तोंडाने म्हणू?"

मी म्हटलं, बाबा, तुम्ही तिचं दुःख हलकं केलंत, नुसते बोललात. ते म्हणाले, "नुसता बोललो नाही. तेव्हा कुणी दारू आणून दिली असती तर भरली असती. पोरीकडं बघवत नव्हतं." त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी ते शील घेतलं नाही.

तू विचारलंस, ते वाक्य चूक होतं का. मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी तुला ते दिलं आणि त्याची किंमत स्वतः चुकती करत राहिले, तुला न सांगता. मी नोकरीत लाठीच्या, जमावबंदीच्या, काय काय आदेशांवर सह्या केलेली माणसं पाहिली. वर दिल्ली-मुंबईत त्याहून मोठ्या सह्या करणारी पाहिली. एखादा कधीतरी बरोबर असतो, नाही असं नाही. पण सही झाल्यावर एका ओळीपुरता गप्प राहिलेला माणूस मी माझ्या घराबाहेर पाहिला नाही.

अभिनवला यातलं काही माहीत नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. मी आई आहे, माझ्या तोंडून तो हुकूम होईल आणि तो हुकूम पाळेल किंवा मोडेल, विचार करणार नाही. तू सांगितलंस तर ऐकेल. ऐकलं तर कदाचित नोकरी सोडेल, आणि मग पुण्यात त्याला थांबण्याचं कारण उरणार नाही. इथल्या तंत्रनिकेतनात शिकवायची एक जागा आहे, ते त्याने तुला सांगितलेलं दिसत नाही.

तुझ्या टेबलावर दोन ताटं लागतात हे मला ठाऊक आहे. 'माझ्या डोळ्यांपुढे' असं तू पहिल्याच पत्रात लिहिलंस, तेव्हा विक्रमचा आणि देशाचा मुद्दा मी बाजूला ठेवून वाचलं. म्हणूनच हे तुझ्यावर सोडते. दुसऱ्या कुणावर सोडलं नसतं.

तुझी,
दीपा

◆

खडकी, पुणे
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय दीपमाला,

पत्र मिळालं. चिवडा कुरिअरने पाठवला आहे, डबा परत पाठवू नकोस. अभिनव ठीक आहे. आता जेवतो. इथे पाऊस अजून हटत नाही, गाद्यांना वास येतो. सध्या इतकंच.

शर्मी

◆

नागपूर
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय शर्मी,

जयभीम. चिवडा पोचला. दाणे नेहमीपेक्षा कमी घातलेत, असं यांचं म्हणणं आहे. मी म्हटलं, ज्याला फुकट मिळतं त्याने मोजू नये.

काल अभिनवचा फोन होता. बढती घेणार म्हणाला. "मावशीपण खूश आहे," म्हणाला. बाबांविषयी काही बोलला नाही, म्हणजे तू सांगितलं नाहीस असं धरते.

रागावले नाही. खरंच नाही. रात्री यांना म्हटलं, तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं नसतं. ते म्हणाले, तू सांगितलं असतंस आणि मग आयुष्यभर सगळ्यांना ऐकवलं असतंस. असतील बरोबर.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर गर्दी असते, मी सकाळी लवकर जाऊन येईन. तुझ्या नावाने एक मेणबत्ती लावीन.

दीपा

◆

खडकी, पुणे
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय दीपू,

तुझ्या शेवटच्या पत्रात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

गेले पंधरा दिवस मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं, आणि रोज काहीतरी निघायचं. एक दिवस त्याचं डोकं दुखत होतं. एक दिवस त्याला शेपूची भाजी आवडली, म्हणाला, "आईसारखी झाली," आणि मी म्हटलं, आज नको. एक दिवस काहीच नव्हतं, तरी नको म्हटलं. रात्री पाणी प्यायला उठले की त्याच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसायचा. विक्रम गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा उजेड नव्हता, अभिनव कॉलेजला आला तोवर. तो दिसला की मी पुन्हा झोपायला जायची.

तुझं हे शेवटचं पत्र आलं त्या दिवशी मी कपाट उघडलं आणि बाबांचा सदरा बाहेर काढला. इस्त्री करायला म्हणून काढला, असं स्वतःला सांगितलं. अभिनव कंपनीत निघाला होता. म्हणाला, "हा कुणाचा? याला खिसा नाही."

मग मी बसले आणि सगळं सांगितलं. फाटकापासून. शेंगदाणे, पिवळे हात, माझे कापलेले मार्क, सगळं. मग विहार, आणि मी त्यांना कसं चिडवायची ते. मग तुझं दहा तारखेचं पत्रच त्याच्या हातात दिलं. तू म्हणालीस हुकूम होईल, पण तुझ्या आणि बाबांच्या बोलण्यात माझे शब्द मला घालायचे नव्हते.

वाचून झाल्यावर त्याने सदऱ्याची बाही दुमडली. मग म्हणाला, "म्हणजे आजोबांनी नोकरी सोडली नाही."

"नाही सोडली."

"चूक आहे हे माहीत असून?"

"चूक आहे असं ते म्हणाले नाहीत. मोडलं आहे असं म्हणाले."

"मग मी काय करू, मावशी?"

माझ्या जिभेवर होतं, दीपू. 'हो म्हण, आणि दसऱ्याला पहिल्या शीलाला गप्प राहा, आजोबांसारखा.' किती सोयीचं होतं. नोकरी राहिली असती, शीलाचंही भागलं असतं, मुलगा घरात राहिला असता. तोंड उघडलंही. पण बाबा भिंतीशी सतरंजीवर बसलेले दिसायला लागले, पेल्यातलं पाणी बघत. त्यांनी माझी सोय पाहिली आणि त्याची भरपाई आपल्या अंगावर घेतली. त्यांच्या नातवाकडून मी पुन्हा तेच करून घेणार होते. म्हणून एवढंच म्हटलं, "मला माहीत नाही रे. ते कुठून सुरुवात करायचे, तेवढं मी तुला सांगितलं."

तो म्हणाला, "आजोबांना कोणासाठी मोडतोय ते माहीत होतं. तुझा चेहरा समोर होता. सीमेवरची पोरं समोर होती. माझ्या समोर कोण आहे? त्या फोटोतली बाई आहे फक्त, आणि तिच्यासाठी तर मी बनवत नाही."

परवा त्याने कंपनीत नाही म्हणून कळवलं. आपल्या सैन्याच्या कामावर परत जाऊ का, असं विचारलं, तर ते काम आता दुसऱ्यांकडे दिलंय म्हणाले. आवाज चढवला नाही कुणी. साहेबांनी चहा पाजला आणि ओळखपत्र परत घेतलं. तंत्रनिकेतनाचं मला आधीच माहीत आहे हे त्याने तुझ्या पत्रात वाचलंच होतं, तरी काल ते मला लाजत लाजत सांगितलं.

विक्रम काय म्हणाला असता, हे मी आता कुणाच्याच वतीने सांगणार नाही. माणूस गेला की आपण त्याच्या तोंडी आपल्याला हवं ते घालतो. फ्लेक्सवाले तेच करतात, फक्त अक्षर मोठं.

अभिनव मंगळवारच्या गाडीने निघतो. दसऱ्याला तुझ्याबरोबर दीक्षाभूमीवर असेल. माझी काळजी करू नकोस. धायरीची भाची श्रद्धा अधूनमधून येऊन राहीन म्हणते. येईलही. आज सकाळी मी सवयीने दोन वाट्या तांदूळ घेतले आणि एक परत डब्यात ओतली. ओतताना जरा वेळ लागला.

त्याच्याबरोबर काही वस्तू पाठवते. घाबरू नकोस, मी कुठेही चाललेली नाही. पण या वस्तू आपापल्या माणसांकडे जायला हव्यात, आणि कुणाला काय द्यायचं ते नीट लिहून ठेवलेलं बरं.

विक्रमचा लोकरीचा मफलर अभिनवला. पुण्यात त्याला थंडी वाजत नव्हती, नागपुरात डिसेंबरमध्ये वाजेल. लाजून पेटीत ठेवेल, तू गळ्यात घाल.

पितळेचं ते उंच नळकांडं, ज्यात आम्ही छत्र्या ठेवायचो, ते रामदासभाऊजींना. त्यांना ते कधीपासून हवं होतं. ते तोफेच्या गोळ्याचं रिकामं आवरण आहे, विक्रमच्या पलटणीने दिलेलं, हे त्यांना आधी सांग. त्यानंतरही छत्र्या ठेवायच्या असतील तर ठेवू देत.

विक्रमचं पदक श्रद्धाच्या मुलीला, मी स्वतः देईन. त्याबरोबर तिचे हे आजोबा भिंतीवरच्या पालीला घाबरायचे आणि मला हाक मारायचे, हेही देईन.

बाबांचा सदरा तुला. कधीच तुझ्याकडे यायला हवा होता. कुणी घालायला घेतला तर घालू दे, पण खिसा लावू देऊ नकोस.

रुमालात बांधलेले खारे शेंगदाणे आहेत. अर्धे तुझे, अर्धे अभिनवचे. वाटीत काढायचे नाहीत, मुठीतून द्यायचे. त्याला शिकव कसे धरायचे ते. मी दाखवलं, पण त्याला हसू येत होतं.

आणि एक गोष्ट पाठवत नाही. दसऱ्याला मी खडकीच्या विहारात जाणार आहे. बाबा उभे राहायचे ती जागा मला माहीत आहे, डावीकडच्या खिडकीशी. भंते पहिलं शील सांगतील, सगळे म्हणतील, आणि मी थांबेन. माझ्यासाठी बाबांनी मोडलेलं आहे ते. इतकी वर्षं तू सांभाळलंस, आता ते माझ्याकडे राहू दे. दुसऱ्यापासून मी सगळ्यांबरोबर म्हणेन.

तुझी,
शर्मी